गुरुवारचा समुद्र

आज सकाळी कॉलेज रोडच्या कोपऱ्यावर एक हातगाडी उभी होती. थंडी कडाक्याची, म्हणून गाडीवाल्याने कानटोपी आणि तिच्यावरून मफलर असा दुहेरी बंदोबस्त केलेला, आणि त्याच्यापुढे चिकूंचा ढीग. या दिवसांत आमच्या गावात द्राक्षांचा तोरा असतो; चिकूकडे कोणी मान वळवून बघत नाही. धुळकट रंगाचं, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं फळ. पण पिकलं की त्याचा वास मात्र सरळ छातीत उतरतो. थोडा गुळाचा, थोडा ओल्या मातीचा आणि शेवटी शेवटी किंचित आंबूस, एखादी गोष्ट जास्त दिवस ठेवल्यासारखा. मी थांबलो. "घोलवडचे आहेत काका, साखर आहे नुसती," तो म्हणाला. मी एक चिकू उचलून नाकाशी धरला आणि इतका वेळ धरला की शेवटी त्याने विचारलं, "काका, खायचाय का नुसता हुंगायचाय?" मी म्हटलं, "वास कसा दिला?" तो हसला नाही. माझ्या विनोदांना हसणारं एकच माणूस होतं आणि तेही हसायच्या आधी कपाळाला हात लावायचं. ते माणूस आता घरी नाही.

तिचे गुडघे आणि नाशिकची थंडी यांचं जुनं वैर. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की तिचे सांधे कुरकुरू लागायचे, संक्रांतीपर्यंत जिना चढणं म्हणजे एक मोहीम होऊन बसायची आणि पहाटे छातीतून बारीक शीळ वाजायची ती वेगळीच. मी पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. ज्याला काही काम उरलेलं नाही अशा माणसाला बायकोच्या दुखण्याइतकं मोठं काम दुसरं नसतं. डॉक्टर म्हणाले, "थंडीत यांना जरा समुद्राकडे नेत जा. उबदार हवा मानवेल." आता समुद्र म्हटला की आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे एकच गाव येणार. आमची एकुलती एक लेक डहाणूच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या एका गावात दिलेली. चिकूच्या वाड्या, मोठं कौलारू घर, घराला इतक्या खोल्या की मोजायला पाहुणाच लागावा. समुद्र तिच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. डॉक्टरांनी औषध लिहून द्यावं आणि ते नेमकं आपल्याच घरातल्या फडताळात निघावं, तसं आम्हाला झालं.

अडचण एवढीच होती की लेकीने "राहायला या" असं म्हटलं नव्हतं. "या" म्हणायची. "कधीही या" म्हणायची. राहण्याचं कधी बोलली नव्हती. तुम्ही म्हणाल, यात म्हणायचं काय, आपलीच लेक. मीही तेच म्हणत होतो. पण माझी बायको ज्या घरात वाढली त्या घरात पाहुणा उठला की त्याला तीनदा बसवायची रीत होती. चौथ्यांदा उठला तर घरातलं कोणीतरी हळूच त्याच्या चपला उचलून माळ्यावर टाकायचं. आमच्या घरातही तिने ती रीत चालू ठेवली होती. माझे एक वरिष्ठ साहेब केवळ एक बूट सापडेना म्हणून आमच्याकडे रात्रीचं पिठलं जेवून गेले होते आणि पुढे वर्षभर माझ्याकडे संशयाने बघत होते. अशा बाईला 'मी राहू का गं?' असं स्वतःच्या लेकीला विचारणं म्हणजे मरण. "तिच्या तोंडून येऊ दे," ती म्हणायची, "मागून घेतलेल्या अंथरुणावर मला झोप यायची नाही." बरं, गावात लॉज होतं. पण लेक गावात असताना आई-बाप लॉजवर उतरले, तर तिच्या सासरी तिची मान खाली जाणार. तेही नाही. मग काय उरलं? सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं. दर गुरुवारी.

त्या गावापर्यंत थेट जाणारी एक एसटी होती. तांबडं फुटायच्या सुमारास निघायची आणि त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाटाघाटातून खाली उतरायची. तो उतार मी अजून अंगावर बाळगून आहे. त्र्यंबकला आम्ही दोघं गाठोड्यासारखे बांधलेले असायचो, बोलताना तोंडातून वाफ. मोखाड्याला माझी कानटोपी निघायची. जव्हारला चहा, आणि तिथे तिची शाल घडी होऊन मांडीवर यायची. मग पुढे सागाची झाडं मागे पडत, हवा जडावत जायची, खिडकीतून येणारा वारा हळूहळू ओलसर, मऊ होत जायचा, आणि स्वेटर काढताना ती हमखास म्हणायची, "आला बघा तिचा वारा." समुद्राचा नाही, तिचा. ताड दिसू लागले की ती पदर सारखा करायची, केसांवरून हात फिरवायची, आणि मग पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलून मांडीवर घ्यायची.

त्या पिशवीत एक धुतलेलं पातळ असायचं. दंतमंजनाची डबी, रात्रीच्या गोळ्या आणि उशीचा एक रिकामा अभ्रा. अभ्र्यात पातळ कोंबलं की उशी तयार. परक्या उशीवर तिची मान अवघडायची. पहिल्या गुरुवारी मी विचारलं, "सकाळी जाऊन संध्याकाळी यायचंय, मग हे कशाला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असू दे हो. वाटेत गाडीच बंद पडली तर?" आमची गाडी त्या सगळ्या हिवाळ्यांत एकदाही बंद पडली नाही. एसटीने एवढी कर्तव्यदक्षता दुसऱ्या कोणाला दाखवली असेल असं मला वाटत नाही.

माझ्या अकलेचं प्रदर्शन पहिल्याच दिवशी झालं. आम्ही सुरूच्या बनातून मोठ्या उत्साहाने किनाऱ्यावर आलो, तर समोर समुद्रच नाही. नुसता चिखलट, चकाकता माळ, आणि पार पलीकडे, आभाळाला टेकलेली एक करडी रेघ. तिथला समुद्र ओहोटीला इतका मागे जातो हे मला कोण सांगणार? मी आयुष्यभर पाटाचं पाणी सोडणाऱ्या खात्यात कारकुनी केलेली. आमचं पाणी साहेबांच्या सहीशिवाय हलत नसे. बायको शांतपणे वाळूत बसली आणि म्हणाली, "तुमच्या खात्याने बंद केलं वाटतं." पुढच्या गुरुवारी त्याच वेळी आलो तर समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत भरलेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा गायब. मी चार आठवडे बारकाईने निरीक्षण केलं आणि पाचव्या आठवड्याला जाहीर केलं की या समुद्राला एकाआड एक गुरुवारी पाळी आहे, आमच्या कालव्यासारखीच. ती इतकी हसली की खोकला आला. भरतीची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते, हे मला पुढे जावयाने सांगितलं. पण तोवर मी ते शास्त्र जव्हारच्या चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना शिकवून बसलो होतो. आमच्यासाठी मात्र ते 'पाण्याचे गुरुवार' आणि 'कोरडे गुरुवार' अखेरपर्यंत टिकले.

वाळूत डबा खायचा, ऊन अंगावर घ्यायचं, आणि मग दुपारी तासभर लेकीकडे. तिथे आमचं स्वागत फार छान व्हायचं, हे मला मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर तुमच्या मनात भलतंच काही यायचं. विहीणबाई गोड. जावई सज्जन. चहा, पोहे, निघताना चिकूंची पिशवी. आणि आमची लेक भिंगरीसारखी, एकीकडे मजुरांना हाक, एकीकडे फोन, एकीकडे मुलाचा अभ्यास. ओसरीवर पाऊल ठेवलं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "आलात? बरं झालं. परतीची गाडी किती वाजताची?" ती काळजीपोटी विचारायची. आमची गाडी चुकू नये, आईची दगदग होऊ नये, एवढंच. पण मी बायकोकडे बघत असायचो. त्या प्रश्नाला ती दर वेळी असं उत्तर द्यायची, जणू तो पहिल्यांदाच विचारला गेलाय. "आहे अजून वेळ, बाळा." मग पिशवी खुर्चीच्या मागे, फार दिसणार नाही पण अगदीच दिसणार नाही असं नाही, अशी ठेवायची. निघताना विहीणबाई म्हणायच्या, "येत जा हो असंच." आम्ही दारात यायचो तेव्हा लेकीने आमच्या चपला नीट जोडून, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या असायच्या. वाकायचा त्रास नको म्हणून. आईच्या गुडघ्यांची आठवण ठेवून. बायको त्या चपला पायात सरकवायची आणि म्हणायची, "किती करतेस गं."

एक हिवाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात एक कट शिजला. कट म्हणजे काय, माझ्या बुद्धीला पेलेल असाच. लेक आपणहून म्हणत नाही, ही मागत नाही, मग मधल्यामध्ये गाडीच चुकली तर? शेवटची एसटी गेली की त्या गावातून नाशिकला जायला दुसरं काही नव्हतं. मग कोणी कोणाला विचारायचा प्रश्नच नाही. मी आयुष्यात कधी गाडी चुकवलेली नाही. लग्नाच्या वऱ्हाडालासुद्धा मी स्टेशनवर दोन तास आधी नेऊन बसवलं होतं. त्यामुळे माझ्यावर संशय येण्याचं कारण नव्हतं.

पौषातला कोरडा गुरुवार होता. लेकीकडचा चहा झाला, निरोप झाला, आणि स्टँडकडे वळायच्या ऐवजी मी म्हटलं, "चल, आज पाण्यापर्यंत जाऊन येऊ. एवढ्या वर्षांत कोरड्या गुरुवारी आपण पाण्याला हातच लावला नाही."

"अहो, गाडी?"

"आहे गं वेळ."

आम्ही त्या ओल्या माळावरून चालू लागलो. पायांखाली वाळूच्या बारीक घड्या, खेकड्यांची भोकं, आणि समुद्र जेवढं चालू तेवढा मागे. मी वाटेत चार ठिकाणी थांबून चपलेतली वाळू झटकली. शिंपले वेचले. एका बगळ्याविषयी मला काहीही माहिती नसताना मी पुष्कळ माहिती दिली. तिने दोनदा "अहो" म्हटलं, मग म्हणणं सोडून दिलं. परत स्टँडवर आलो तेव्हा तिथे एक कुत्रं आणि भुईमुगाच्या शेंगा विकणारी म्हातारी एवढीच मंडळी होती. "नाशिकची? ती गेली कधीच," म्हातारी म्हणाली. मी कपाळावर हात मारला. हळहळलो. स्वतःला दोन शिव्या दिल्या. नटाच्या घराण्यात जन्मलो नाही याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं, इतकं ते काम झकास वठलं होतं.

तिने फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग वाडीच्या वाटेला लागल्यावर म्हणाली, "आता काय, राहावंच लागेल." थोड्या वेळाने पुन्हा, "राहावंच लागेल आता." तिची चाल बदलली होती. त्या दुखऱ्या गुडघ्यांची बाई माझ्या पुढे चालत होती. सकाळी उठून जावयाला थालीपीठ करून घालीन म्हणाली. नातवाला केस कापायला झालेत, तेही बघीन म्हणाली. ताडांच्या शेंड्यांवर ऊन तांबूस झालं होतं, घरोघरी चुली पेटल्याचा धूर वाडीतून जमिनीलगत सरकत होता, आणि मला वाटलं, आयुष्यात आपण एक काम नीट केलं.

लेक अंगणातच होती. टेम्पोत चिकूंची खोकी चढवली जात होती आणि ती हाताने मोजत उभी होती. आम्हाला बघून दचकली. "काय झालं? आईला बरं नाही का?"

"गाडी चुकली," मी म्हटलं.

"तुमची? बाबा, तुमची गाडी चुकली?" ती हसायलाच लागली. मग जावयाला हाक मारली. तो आला, त्याने ऐकलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "बाबा, नशीब बघा तुमचं! आपला टेम्पो आज नाशिकलाच निघालाय. पुढे ड्रायव्हरजवळ दोघांची मस्त सोय होईल. थेट घरापाशी सोडेल."

"बघ आई, कशी सोय झाली!" लेक म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला होता. तिने धावत जाऊन आतून एक गोधडी आणली, टेम्पोच्या सीटवर अंथरली, थर्मासमध्ये चहा भरून दिला, ड्रायव्हरला बजावलं की घाटात जपून, आईला धक्के लागता कामा नयेत. त्या पाच-दहा मिनिटांत तिने आमच्यासाठी इतकं केलं की विचारू नका. ड्रायव्हर दिंडोरीकडचा, मोकळा माणूस. "बसा आई, लय जागा हाय," म्हणत त्याने सीटवरचं सामान उचललं. बायकोने ओसरीकडे एकदा बघितलं. तिथे ओळीने खोल्यांची दारं होती, त्यातल्या दोन बंद होत्या. मग ती मांडीवर पिशवी घेऊन आत बसली. लेकीने बाहेरून दार लावलं, ते नीट लागलंय ना म्हणून एकदा ओढून बघितलं.

पिकू घातलेल्या चिकूंचा तो वास मागच्या खोक्यांतून येत होता. कासा गाव मागे पडल्यावर घाट सुरू झाला, हवा पातळ, बोचरी होऊ लागली. सकाळी उतरवलेलं एकेक कापड आम्ही पुन्हा अंगावर चढवत होतो. ड्रायव्हर टेपवरच्या गाण्याबरोबर गुणगुणत होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मुद्दाम चुकवलीत ना?"

"छे गं. त्या बगळ्याच्या नादात..."

"आपण पाण्याकडे चाललो होतो तेव्हा सुरूच्या आडून गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा. मला ऐकू आला होता." तिने शाल गळ्याशी ओढून घेतली. "मीच बोलले नाही."

म्हणजे त्या ओल्या माळावर दोन नट होते आणि प्रेक्षक कोणीच नव्हतं. जव्हारला ड्रायव्हरने गाडी थांबवली. मी थर्मास उघडून तिच्यापुढे चहा धरला. ती म्हणाली, "तुम्ही घ्या. मला नको."

मला वाटलं आता गुरुवार संपले. पण पुढच्या गुरुवारी ती पहाटे उठून तयार. फक्त पिशवी खुंटीवरच राहिली. त्यानंतर आम्ही अजून दोन हिवाळे जात राहिलो. वाळू, ऊन, डबा, तासभर लेकीकडे, आणि मग गाडीच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन बसायचं. तीच घाई करायची. लेक म्हणायची, "अगं आई, वेळ आहे अजून, बस की." तर ही म्हणायची, "नको बाई, गाडी चुकायची." तिने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पण आवाजात तसं काही नसायचंच. मग गुडघ्यांनी एसटीची पायरी चढायचं नाकारलं. समुद्र बंद झाला. आणि काही वर्षांनी, अशाच एका थंडीत, ती छातीतली बारीक शीळही थांबली.

मला मात्र मुक्काम मिळाला. ती गेल्याच्या पुढच्याच हिवाळ्यात लेक स्वतः गाडी घेऊन आली. "बाबा, आता एकटं राहायचं नाही. थंडी संपेपर्यंत माझ्याकडे." एकदा नाही, चारदा म्हणाली, हाताला धरून म्हणाली. ज्याला कधी नको होतं त्याच्या पदरात ते असं सहज पडलं. त्या दोन बंद दारांपैकी एका दाराआड मी दीड महिना राहिलो. साधी खोली. लोखंडी कॉट, मच्छरदाणी, भिंतीवर आंब्याच्या बागायतीचं जुनं कॅलेंडर, आणि खिडकीतून पहाटे ऐकू येणारी गाज. तिथे तिला काय मिळालं असतं, याचा मी कॉटवर पडून पुष्कळ विचार केला. एक रात्र मिळाली असती. सकाळी थालीपीठ. बाकी काही नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात लेकीने हळदीकुंकू केलं. वाडीवाडीतल्या बायका आल्या, घर गजबजलं. मी ओसरीच्या टोकाला खुर्चीत, तिळगूळ वाटायच्या कामावर. एक वयस्क बाई मला म्हणाल्या, "बरं झालं हो आलात राहायला. तुमच्या मंडळींना मात्र आम्ही कधी मुक्कामाला बघितलं नाही. नुसत्या यायच्या नि जायच्या."

माझ्याआधी लेकच बोलली. "काकू, काय सांगू तुम्हाला! किती आग्रह करायची मी. दर वेळी म्हणायची, आई, आजची रात्र राहा गं. पण तिला आपलं घर सोडवायचंच नाही. एकदासुद्धा राहिली नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ती खोटं बोलत नव्हती. मी तिचा चेहरा नीट बघितला; तिला ते सगळं तसंच आठवत होतं. "हो की नाही हो बाबा?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी गोष्ट सांगण्यात वाकबगार, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी म्हटलं, "हो तर! एकदा तर हिने अंथरूणसुद्धा घालून ठेवलं होतं. नवी चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. तरी आमची मंडळी उठलीच." बायका हळहळल्या. लेकीने डोळे पुसले आणि माझ्याकडे अशा कृतज्ञतेने बघितलं, की ती चादर, तो तांब्या तिलाही त्या क्षणापासून आठवू लागला असावा.

आता ती हकिकत तशीच राहणार. जे झालं ते जाणणारा मी एकटा उरलोय, आणि माझी साक्ष तुम्ही ऐकलीतच. उद्या नातवाला त्याच्या आजीविषयी कोणी विचारलं, तर तो हेच सांगेल की आईने फार आग्रह केला, पण आजी काही राहिली नाही. सांगायला चांगली आहे, ऐकायला चांगली आहे, कुणाला खुपत नाही. हल्ली मीच ती कुणाकुणाला सांगतो. आणि खरं सांगू का, परवा सांगता सांगता मला तिचा रागच आला, की लेक एवढी विनवत होती, तर ही बाई एक रात्र राहिली का नाही!